विश्लेषण : दाराचे रबर, बल्ब, ट्रे… फ्रिजची कोणती दुरुस्ती घरी करता येते? हात कुठे आवरायचा?

सकाळी दूध नासलेले, भाजीच्या खणाखाली पाण्याचे तळे आणि फ्रिज मात्र रात्रभर न थांबता घरघरतोय. गोरेगावच काय, मुंबईच्या कुठल्याही उपनगरातील घरात हा प्रसंग नवा नाही. मेकॅनिक येतो, मागे वाकून पाहतो आणि म्हणतो, ‘कॉम्प्रेसर गेला’ किंवा ‘गॅस संपला’. दोन्ही वाक्यांची किंमत हजारांत असते. प्रत्यक्षात दोष अनेकदा दाराच्या फाटलेल्या रबरात, अडकलेल्या छोट्या स्विचमध्ये किंवा तुंबलेल्या भोकात असतो. दुसरीकडे, मोबाइलवरचे व्हिडीओ पाहून फ्रिजच्या मागचे झाकण उघडणाऱ्यांना विजेचा आणि ज्वलनशील गॅसचा धोका असतो. घरी काय बदलता येते, काय अजिबात नाही आणि ते ओळखायचे कसे, याचा हा आढावा.

उपनगरातील घरांत फ्रिज लवकर का कुरकुरतो?

आरे दुग्ध वसाहत १९४९मध्ये गोरेगावात वसली. त्या काळात पहाटे केंद्रावरून आणलेले बाटलीतले दूध तापवून ठेवणे हाच ते टिकवण्याचा उपाय होता, कारण घरात फ्रिज असणे ही चैन होती. पुढे १९५८मध्ये गोदरेजने भारतीय कंपनीने बनवलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. गोदरेजचे विक्रोळी म्हणजे आजच्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे दुसरे टोक. आता चाळीतल्या एका खोलीपासून टॉवरमधल्या तीन बेडरूमच्या घरापर्यंत फ्रिज नाही असे स्वयंपाकघर विरळाच.

मात्र त्याला मिळणारी जागा तुटपुंजी असते. भिंत आणि कपाट यांच्या फटीत फ्रिज कोंबला जातो. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या जुन्या फ्रिजमध्ये पाठीवर दिसतात, तर नव्या बहुतेक फ्रिजमध्ये त्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात. म्हणून नव्या फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात आणि तो दोष नसतो. पण हवा खेळायला जागाच उरली नाही, तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. त्यात मुंबईची दमट हवा. पावसाळ्यात दाराच्या रबरावर काळी बुरशी धरते, घडीत चिकटा साठतो आणि रबर कडक होऊन फाटते.

गोरेगावात पुनर्विकासामुळे घर बदलणेही वाढले आहे. इमारत पाडताना भाड्याच्या घरात आणि नंतर नव्या घरात, असा फ्रिज दोनदा टेम्पोत चढतो. वाटेत बिजागर ढिले होते, पाय वाकडे बसतात आणि दार नीट लागत नाही. ‘शिफ्टिंगनंतर फ्रिज बिघडला’ या तक्रारीत अनेकदा इतकेच झालेले असते. फ्रिज शक्यतो उभाच न्यावा. आडवा न्यावा लागला, तर नव्या जागी उभा करून काही तास थांबावे आणि मगच पिन लावावी, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर परत येते.

घरची दुरुस्ती आणि मेकॅनिकची दुरुस्ती यांची सीमारेषा कोणती?

लक्षात ठेवायला सोपा नियम असा : पिन काढून, गॅसच्या नळीला आणि विजेच्या तारेला हात न लावता जे बदलता येते, ते घरचे काम. त्यापलीकडचे सगळे जाणकाराचे.

युरोपीय संघाच्या कायद्यातही जवळपास हीच रेषा आहे. तिथे १ मार्च २०२१पासून लागू झालेल्या नियमांनुसार फ्रिज कंपन्यांना ठरावीक सुटे भाग वर्षानुवर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. दाराची मूठ, बिजागर, ट्रे आणि टोपल्या हे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान सात वर्षे आणि दाराचे गॅस्केट किमान १० वर्षे, सामान्य ग्राहकालाही मिळाले पाहिजे. थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर, इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि दिवे हे भाग मात्र व्यावसायिक दुरुस्तीकारांना देण्याचे बंधन आहे.

म्हणजे दार आणि फ्रिजच्या आतला मोकळा भाग ग्राहकाचा, तर तारा आणि बोर्ड कारागिराचे. आपल्याकडे यात एकाच गोष्टीची भर घालता येते. जुन्या फ्रिजमधला साधा, फिरवून काढायचा बल्ब. तो घरी बदलायला हरकत नाही.

कुठलेही काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. फ्रिजवरचे बटन बंद करून थांबू नये, भिंतीतली पिन प्रत्यक्ष बाहेर काढावी. हात आणि फरशी कोरडी असावी, पायात चप्पल असावी. फ्रिज वॉरंटीत असेल, तर आधी वॉरंटीचे कार्ड वाचावे, कारण अनधिकृत व्यक्तीने उघडलेल्या फ्रिजची वॉरंटी कंपनी नाकारू शकते.

दाराचे रबर गेले हे कसे ओळखायचे?

बोलीत ज्याला ‘दाराचे रबर’ म्हणतात, ते गॅस्केट म्हणजे मऊ प्लास्टिकची पट्टी असते आणि तिच्या पोटात लोहचुंबकाची लवचीक फीत असते. ही फीत दार पत्र्याला ओढून धरते. पट्टी फाटली, आखडली किंवा फितीची पकड गेली, की बाहेरची दमट हवा आत शिरते. त्यातून फ्रीजरमध्ये भराभर बर्फ साचतो, आत पाण्याचे थेंब दिसतात आणि कॉम्प्रेसर थांबेनासा होतो. वीजबिलही वाढते.

तपासणीला पैसे लागत नाहीत. दहा रुपयांची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि ओढून पाहावी. नोट अडून आली तर पकड ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट आहे. दाराच्या चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करावे. दुसरा उपाय म्हणजे मोबाइलचा टॉर्च सुरू करून तो आत ठेवायचा, दार लावायचे, स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा आणि कडेने उजेड दिसतो का ते पाहायचे.

फट दिसली म्हणून लगेच नवे गॅस्केट आणू नये. आधी कोमट पाण्यात थोडा साबण घालून रबराची प्रत्येक घडी जुन्या टूथब्रशने साफ करावी आणि कोरडी पुसावी. अनेकदा पकड एवढ्यानेच परत येते. रबर चिमटलेले असेल, तर कढत पाण्यात पिळलेले फडके त्यावर काही मिनिटे धरावे. ते मऊ पडून पुन्हा आकार घेते. त्यानंतर फ्रिजचे पुढचे पाय पाहावेत. ते फिरवून किंचित उंच केले, की फ्रिज मागे थोडासा कलतो आणि अर्धवट उघडे दार आपोआप लागते. वरच्या बाजूला दार लोंबत असेल, तर दोष बिजागरात आहे, रबरात नाही.

नवे गॅस्केट घरी बसवता येते का?

बहुतेक वेळा येते, पण ते कसे बसवले आहे हे आधी पाहावे लागते. एका कोपऱ्यातली कड हलकेच उचलावी. बऱ्याच फ्रिजमध्ये गॅस्केटची मागची दांडी दाराच्या खाचेत नुसती दाबून बसवलेली असते. हा प्रकार सर्वांत सोपा. काही जुन्या फ्रिजमध्ये कडेखाली स्क्रूंची रांग असते. ते स्क्रू फक्त सैल करायचे, सगळे काढायचे नाहीत. सगळे काढले तर दाराचा आतला प्लास्टिकचा पत्रा निसटतो आणि दार पिळले जाते. तिसऱ्या प्रकारात गॅस्केट दाराच्या फोममध्येच पक्के केलेले असते. ते ओढूनही सुटत नसेल, तर काम तिथेच थांबवावे.

नवे गॅस्केट घेताना मॉडेल क्रमांक महत्त्वाचा. फ्रिजच्या आत बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या खणाजवळ किंवा पाठीवर त्याचे स्टिकर असते. त्याचा फोटो काढून ठेवावा. फक्त ‘दोनशे लिटरचा फ्रिज’ एवढ्या माहितीवर रबर मिळत नाही, कारण एकाच क्षमतेच्या दोन मॉडेलांच्या खाचा वेगळ्या असू शकतात. दोन दारांच्या फ्रिजमध्ये वरचे आणि खालचे गॅस्केट वेगवेगळे असते. जमल्यास जुन्या रबराचा खाचेत बसणारा भाग स्पष्ट दिसेल असा फोटो आणि बाहेरून बाहेरपर्यंतची लांबी-रुंदी सोबत न्यावी.

घडी घालून आलेले नवे रबर थेट बसवले तर वळ्या राहतात. ते १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवून सरळ करावे आणि पुसून घ्यावे. आधी चारही कोपरे खाचेत दाबावेत, मग प्रत्येक बाजूचा मध्य आणि शेवटी उरलेला भाग. एका टोकापासून ओढत नेले, तर शेवटच्या कोपऱ्यात रबर उरते किंवा कमी पडते. बिजागराच्या बाजूला रबर गोळा होत असेल, तर तिथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. काम झाल्यावर दार एक दिवस कमीत कमी वेळा उघडावे आणि पुन्हा नोटेची परीक्षा घ्यावी.

दिवा लागत नाही किंवा विझतच नाही, तर?

जुन्या फ्रिजमध्ये साधारण १५ वॉटचा छोटा बल्ब असतो. पिन काढावी, झाकण सरकवावे, बल्ब थंड होऊ द्यावा, फिरवून काढावा आणि तेवढ्याच वॉटचा ‘फ्रिजचा बल्ब’ म्हणून मिळणारा नवा लावावा. जास्त वॉटचा लावू नये. त्याच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते आणि शेजारचा थर्मोस्टॅट फसतो. नव्या फ्रिजमधला एलईडी बहुधा छोट्या पट्टीवर असतो आणि तारेने जोडलेला असतो. तो मेकॅनिककडून बदलून घ्यावा.

दार लावल्यावर दिवा विझतो का, हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे मोबाइलवर व्हिडीओ सुरू करून फोन आत ठेवणे आणि अर्ध्या मिनिटाने बाहेर काढणे. दिवा जळतच राहत असेल, तर चौकटीतले दाराचे बटन अडकले आहे. त्याच्याभोवतीचा चिकटा ओल्या फडक्याने काढला, की ते बहुधा मोकळे होते. अनेक फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दार उघडल्यावर आतला पंखाही याच बटनाने थांबतो. त्यामुळे बटन बिघडले, की दिव्याबरोबर थंडावाही जाऊ शकतो.

फ्रिजखाली पाणी का साचते?

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसातून ठरावीक वेळा आतला बर्फ आपोआप वितळवतो. ते पाणी एका बारीक भोकातून नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. कोथिंबिरीचे पान, भाताचे शीत किंवा प्लास्टिकचा तुकडा भोकात अडकला, की पाणी उलटे फिरून भाजीच्या खणाखाली साचते. जे भोक आतल्या भिंतीत दिसते, ते घरी मोकळे करता येते. कोमट पाणी छोट्या पिचकारीने हळूहळू सोडावे किंवा लवचीक प्लास्टिकची नळी अलगद घालावी. लोखंडी तार किंवा छत्रीची काडी घालू नये. नळीला भोक पडले तर पाणी फ्रिजच्या इन्सुलेशनमध्ये मुरते.

मागचा ट्रे विसरण्याची किंमत वेगळीच आहे. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग पावसाळ्यापूर्वी कुंड्यांखालच्या ताटल्यांबरोबर फ्रिजच्या ट्रेचीही आठवण करून देतो. ट्रे बाहेर निघणारा असेल, तर आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून कोरडा करावा. तडा गेला असेल, तर त्याच मॉडेलचा नवा आणावा. आतले काचेचे कप्पे, दारातल्या बाटल्यांच्या पट्ट्या आणि भाजीचा खण हेही असेच विनाहत्यार बदलता येणारे भाग आहेत. काचेचा कप्पा मात्र फ्रिजमधून काढल्या काढल्या गरम पाण्याखाली धरू नये, तो तडकतो.

बर्फ काढताना कोणती चूक महाग पडते?

सुरी, कालथा किंवा स्क्रू ड्रायव्हर. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये फ्रीजरचा पत्रा हाच थंडावा देणारा भाग असतो आणि त्याच्या पोटातून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. बर्फात रुतलेली आइस्क्रीमची डबी सुरीने उचकटताना पत्र्याला टोक लागले, तर ‘सुस्स’ आवाज येतो आणि गॅस निघून जातो. पाच मिनिटांच्या घाईपोटी फ्रीजर बदलण्याची किंवा नवा फ्रिज घेण्याची वेळ येते.

योग्य पद्धत कंटाळवाणी पण फुकटची आहे. थर्मोस्टॅटच्या मध्यभागचे डीफ्रॉस्ट बटन दाबावे किंवा पिन काढून दार उघडे ठेवावे आणि आत गरम पाण्याचे भांडे फडक्यावर ठेवावे. बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा झाला, की हे करून टाकावे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ डोळ्यांना दिसत नाही. फ्रीजर थंड पण खालचा भाग गरम, असे झाले, तर फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड बर्फ गोठून हवेची वाट अडलेली असू शकते. आधी हवेच्या झडपांपुढे पातेले किंवा पिशव्या अडवून ठेवल्या नाहीत ना, हे पाहावे. मग फ्रिज रिकामा करून पिन काढावी आणि पूर्ण एक दिवस दार उघडे ठेवावे. त्यानंतर फ्रिज नीट चालून काही दिवसांत तीच तक्रार परतली, तर बर्फ वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा टायमर बिघडलेला आहे. तो बदलणे घरचे काम नाही. पण मेकॅनिकला ‘एक दिवस बंद ठेवल्यावर आठवडाभर ठीक चालला’ हे सांगितले, तर त्याचा वेळ आणि ग्राहकाचा अनावश्यक ‘गॅस चार्जिंग’चा खर्च वाचू शकतो.

‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगितले तर काय विचारायचे?

कॉम्प्रेसर हा फ्रिजचा सर्वांत महाग भाग. अनेक कंपन्या त्यावर १० वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, पण गॅस, मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च त्यात असेलच असे नाही. बाकीच्या भागांची वॉरंटी बहुधा वर्षभराचीच असते. त्यामुळे बिल आणि कार्ड सांभाळून ठेवणे पहिले.

साध्या कॉम्प्रेसरच्या अंगावर दोन छोटे भाग लावलेले असतात. रिले कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देतो, तर ओव्हरलोड प्रोटेक्टर तो जास्त तापला की वीज तोडतो. मागून दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येतो, क्षणभर गुणगुण होते आणि पुन्हा शांतता, असे होत असेल तर संशय आधी रिलेवर घ्यावा. कॉम्प्रेसरच्या तुलनेत हा भाग अगदी स्वस्त असतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : ‘रिले आणि ओव्हरलोड तपासले का?’ कपॅसिटर असलेल्या मॉडेलमध्ये तोही तपासायला सांगावा. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो. तिथे ‘बोर्ड तपासला का?’ असे विचारावे.

हे भाग व्हिडीओत चिमटीने काढता येतात असे दिसते, तरी घरी काढू नयेत. तिथे थेट २३० व्होल्टची वीज असते आणि कपॅसिटर पिन काढल्यावरही काही काळ भार धरून ठेवतो. थर्मोस्टॅटचेही तसेच. त्याची केसासारखी बारीक नळी मुडपली, की नवा भागही वाया जातो.

फ्रिजच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दुरुस्तीचा विचारही करू नये. घराच्या मुख्य पेटीतून वीज बंद करावी, मग पिन काढून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या चाळींत तीन पिनांची पिन दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसण्याची सवय असते. त्यात अर्थिंग तुटते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला जिवावरचा धक्का बसू शकतो. फ्रिज एक्स्टेन्शन बोर्डवरही चालवू नये.

गॅस भरणे हे घरचे काम का नाही?

पूर्वीच्या फ्रिजमध्ये आर-१२ हा गॅस असे. तो ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी आहे, पण हवामान तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. हवामानासाठी तो खूपच सौम्य आहे, पण जळतो. फ्रिजमध्ये त्याचे प्रमाण साधारण काही दशक ग्रॅम असते. मागच्या स्टिकरवर ते आणि ज्वालेचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण दिसतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचतो, आणि स्वयंपाकघरात शेगडी जवळच असते.

गॅस ‘संपत’ नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे. यंत्रणा बंद असते. गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून दिला, तर काही आठवड्यांत तीच तक्रार परत येते. म्हणून गळती कुठे होती आणि ती कशी बंद केली, हे बिलावर लिहून मागावे. बाजूच्या पत्र्याला आणि दाराभोवतीच्या चौकटीला कुलूप किंवा कडी बसवण्यासाठी छिद्र पाडू नये, कारण त्यामागे नळ्या असू शकतात. नळी फुटल्याचा आवाज आलाच, तर कुठलेही बटन दाबू नये, शेगडी बंद करावी, खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे.

सुटे भाग आणि मेकॅनिक कसे शोधायचे?

पहिला मार्ग कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र. त्याचा क्रमांक फ्रिजवरच्या स्टिकरवरून, बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधल्यावर सर्वांत वर दिसणारा ‘कस्टमर केअर’ क्रमांक खरा असेलच असे नाही. कोणी आगाऊ पैसे, ओटीपी किंवा फोनची स्क्रीन दाखवणारे अॅप मागितले, तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

दुसरा मार्ग स्टेशनजवळच्या रस्त्यांवरची फ्रिज-एसी दुरुस्तीची दुकाने. तिथे मॉडेलचा फोटो दाखवून भाग मागवून घेता येतो. भाग परत घेण्याची अट आधी विचारावी. मेकॅनिक घरी आला, तर कामापूर्वी अंदाजे खर्च, बदललेला जुना भाग परत आणि पक्के बिल या तीन गोष्टी मागाव्यात.

कायदा ग्राहकाला किती साथ देतो?

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि सेवा केंद्रांचे तपशील एकत्र मिळावेत हा त्याचा उद्देश. शेतीची अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. मात्र युरोपप्रमाणे ‘गॅस्केट १० वर्षे मिळालेच पाहिजे’ असे बंधन आपल्याकडे नाही. म्हणूनच फ्रिज घेताना काही प्रश्न दुकानातच विचारलेले बरे : गॅस्केट वेगळे मिळते का, दिवा ग्राहकाला बदलता येतो का आणि वॉरंटीत नेमके काय येते?

सेवेत कसूर झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. १९७५मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत अशा प्रकरणांत मार्गदर्शन करते. यांपैकी कुठेही गेले, तरी बिल नसेल तर बाजू लंगडी पडते.

दुरुस्ती होईपर्यंत अन्न आणि औषधांचे काय?

फ्रिजच्या आत तापमान पाच अंश सेल्सिअसच्या खाली आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास असायला हवे. पाण्याच्या पेल्यात साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) रात्रभर ठेवला, की सकाळी खरे तापमान कळते. वीज नसताना दार न उघडल्यास फ्रिजमधले अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते, असे अमेरिकी कृषी विभागाचा सल्ला सांगतो. मुंबईच्या उन्हाळ्यात दूध, मासे, मटण आणि शिजवलेला भात याबाबत याहून जास्त धोका पत्करू नये. वास आला नाही म्हणून अन्न चांगले असेलच असे नाही.

घरात इन्सुलिन असेल, तर काळजी अधिक. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते आणि एकदा गोठलेले वापरता येत नाही. म्हणून ते फ्रीजरला किंवा बर्फाला थेट टेकवू नये. दुरुस्तीपुरते ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवावे आणि शंका आली, तर औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

फ्रिज भंगारात काढायची वेळ केव्हा येते?

फ्रीजरचा पत्रा किंवा भिंतीतली नळी फुटली असेल, पत्रा गंजून आतला फोम ओला झाला असेल किंवा जुन्या फ्रिजच्या दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या घरात जात असेल, तर नवा घेण्याचा विचार करावा. जुना फ्रिज रस्त्यावर फोडू देऊ नये. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत फ्रिजचा समावेश असून, तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवा घेताना जुना परत घेण्याची सोय आहे का, हे विचारावे. तोवर फ्रिज गॅलरीत किंवा जिन्याखाली पडून राहणार असेल, तर त्याचे दार काढून ठेवावे किंवा ते उघडणारच नाही असे दोरीने बांधावे. लपाछपी खेळणारे मूल आत शिरले आणि दार लागले, तर आतली हवा काही मिनिटेच पुरते.